वास काढलेला गॅस

वडिलांचा फोन आला तेव्हा सौम्या उद्यमबागेतल्या कारखान्यात भलतीच खुशीत होती. तिनं बनवलेली पेटी त्यांच्या सीएनजी टेंपोवर आज पहिल्यांदा रस्त्यावर धावत होती. सायलेन्सरच्या उष्णतेवर ही पेटी थोड्या गॅसचा हायड्रोजन करून इंजिनाला देते, मग इंजिन स्वच्छ जळतं. वडील, भरमू आप्पा, निपाणीहून तंबाखू भरून परतत होते.

"सौमे, गाडी लई ग्वाड पळतीया बघ," डॅशबोर्डवरच्या फोनमधून आप्पा ओरडले. "पर डोकं जड झालंया. तंबाखूचा खकाणा उडतोय, म्हून काचा वर केल्यात."

"गॅसचा वास येतोय का?"

"आला तर माझ्या नाकातनं सुटंल व्हय?"

आप्पांना बायकोपेक्षा नाकाचा भरवसा जास्त. सौम्या हसणार, तोच थबकली. वास येणारच कसा? वासासाठी गॅसमध्ये जे मिसळतात त्यात गंधक असतं, त्यानं पेटी बिघडते. म्हणून तिनंच फिल्टर लावून तो वास काढून टाकला होता. शिवाय पेटीत हायड्रोजनबरोबर बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि तो माणसाला गुपचूप कायमचा झोपवतो. गॅसच्या गाडीवाल्यांना सगळेच सांगतात तेच ही शहाणी सकाळी सांगून बसली होती: वास आला की थांबा! पेटी आप्पांच्या सीटखालीच होती, आणि ती गळत असणार.

"आप्पा, गाडी थांबवा! आत्ताच्या आत्ता!"

"घाटात हाय गं..."

"थांबवा म्हणते ना!"

ब्रेक कचकन लागला. इंजिन मात्र चालूच होतं.

"इंजिन बंद करा, खाली उतरा!"

"बंद कशी करू? तूच म्हनालीस... बंद केली की पेटी गार हुतीया... तुझं काम वाया..." शब्द घरंगळू लागले.

"जाऊ दे वाया! आप्पा, दार उघडा! आप्पा!"

इंजिन तेवढं संथ, एका लयीत चालत होतं, अगदी तिला हवं होतं तसं. ते बंद पडावं म्हणून ती देवाची करुणा भाकू लागली.

मागच्या ट्रकनं हॉर्नचा सपाटा लावला. मग कुणीतरी कानडीत शिव्या देत काचेवर थापा मारल्या.

"काच फोडा! इंजिन बंद करा!" सौम्या फोनमधून किंचाळली.

खळ्ळकन आवाज झाला. इंजिन थांबलं. तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

बऱ्याच वेळानं खोकला ऐकू आला, मग एक खोल गेलेला आवाज.

"सौमे, मी न्हाय बंद केली गं. ह्या लोकांनी केली."