एवेलियोची डावी मूत्रवाहिनी

मित्रांनो, मी एक थकलेली मूत्रवाहिनी आहे. एवेलियोच्या डाव्या मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत उतरणारी, वीतभराहून थोडी लांब अशी मांसल नळी.

माझ्या वरच्या टोकाला काही पेशी आहेत. तिथे मिनिटाला दोन-तीनदा विजेची बारीक लहर उठते, माझ्या अंगावरून खाली सरकते आणि तिच्या मागोमाग मी आवळते. थेंबभर मूत्र पुढे जातं. एवेलियो आईच्या पोटात होता तेव्हापासून मी हेच करत आले. त्याला कधी कळलंही नाही. कळू नये, यातच माझं कौतुक होतं.

सोळाव्या वर्षी तो चिनान्देगा नावाच्या गरम मुलखात ऊसतोडीला लागला. अंगातलं पाणी घामावाटे जायचं. माझ्याकडे यायचं ते गडद, दाट, बारीक खड्यांचं. ते मला ओरबाडत जाई. लघवीला आग होई. तिथे तिला 'चिस्ताता' म्हणतात, आणि हसतात.

"झाली का चिस्ताता? आता तू खरा तोडणीवाला," शेजारच्या सरीतला चेपे म्हणायचा.

लग्नानंतर दामारिस, त्याची बायको, पाणी घेऊन फडात येऊ लागली.

"दोन घोट तरी घे रे."

"तापल्या अंगात पाणी गेलं की चिस्ताता वाढते. माझ्या आईला विचार."

"तिचंच ऐकून तुझे वडील चाळिशी तरी बघू शकले का?"

तरी तो प्यायला नाही. दुकानातून दुखणं थांबवणारं इंजेक्शन घेऊन आला. आग निवली. वर मूत्रपिंड मात्र सुकत राहिलं.

पुढच्या हंगामाआधी रक्ताची तपासणी वाईट निघाली. कारखान्याने त्याला घेतलं नाही. तेव्हा तो धाकट्या भावाचं ओळखपत्र घेऊन, भावाच्या नावावर, एका मुकादमाकडे तोडणीला गेला. दामारिसने ते ओळखपत्र दोनदा लपवलं. दोन्ही वेळा त्याने शोधून काढलं.

"घरात लेकरू आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली.

आज तो एकोणतीस वर्षांचा आहे. आठवड्यातून तीनदा यंत्र त्याचं रक्त धुतं. पाणी अंगात साठतं म्हणून आता दामारिसच त्याला कप मोजून देते, आणि तो आणखी मागतो. माझ्यावरून लहर अजूनही जाते. मी अजूनही आवळते. पुढे ढकलायला काही नसतं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखाद्या दुखण्याला गमतीचं नाव असेल, तर एकदा हसणं थांबवा आणि ते दुखणं कोणाला आहे ते पाहा.