दादांचं कारंजं

नगरसेवक विश्वजीतदादांच्या वेबसाइटमध्ये शिरायला प्रेरणाला काडीचाही त्रास झाला नाही. दादांच्या सगळ्या गाड्यांना एकच व्हीआयपी नंबर, आणि तोच पासवर्ड. एवढं गुपित त्यांनी गाडीला पुढूनही लावलं होतं आणि मागूनही.

तान्ही श्रेया मांडीवर दूध पिता पिता झोपली होती. तिच्या लंगोट्या धुवायला ड्रमात थेंब नव्हता, आणि वेबसाइटवर दादा हात जोडून सांगत होते, 'घरोघरी रोज पाणी!' प्रेरणानं एका हातानं ती ओळ पुसली आणि लिहिलं, 'हर्सूलच्या गल्लीत पाणी आठवड्यानं, दादांच्या दारातल्या कारंज्याला रोज.' मग खिडकीतून हर्सूल जेलची भिंत दिसली. लेकीच्या टाळूवर ओठ टेकवून ती पुटपुटली, "भिऊ नको गं. तिथं तरी रोज पाणी असंल."

कुणाला पत्ताच लागला नाही. दादांची वेबसाइट वाचतंय कोण!

तेवढ्यात दादांचा वाढदिवस आला. फ्लेक्सचा मजकूर वेबसाइटवरून उचलायचा, ही कार्यकर्त्यांची रीत. फ्लेक्सवाला शफीक म्हणाला, "राजकुमारभाई, एक बार पढ तो लो."

"तू छाप रे! दादांचंच हाय. माझा फोटो तेवढा मोठा घे."

क्रांती चौकात फ्लेक्स चढला. वर ती ओळ, खाली झाडून सारे हसरे शुभेच्छुक. हार घालून घ्यायला आलेल्या दादांनी मान वर केली आणि ती वरच राहिली. तक्रार करावी, तर आपलीच माणसं आत जायची. समोर मोबाइल धरलेली गर्दी. दादांनी डोळे पुसले. "ही माझीच खंत आहे, मित्रांनो! कारंजं आजपासून बंद. ते पाणी हर्सूलच्या माझ्या मायबहिणींना!"

टाळ्याच टाळ्या.

संध्याकाळी नळ खरंच फुरफुरला. सासूबाई कडूबाईंनी हंडा लावला. "बघ, देवमाणूस हाय! आपण होऊन पाणी सोडलं. नाय तर तू, सदा त्या लॅपटॉपात तोंड घालून!"

"व्हय आत्या," म्हणत प्रेरणानं लंगोट्या भिजवल्या. श्रेया बादलीत हात आपटून खिदळली.

पाणी आलं का ते बघायला, म्हणजे फोटो काढून घ्यायला, दादा नव्या कोऱ्या गाडीतून आले. प्रेरणानं लेकीला कडेवर घेतलं आणि हळूच नंबरप्लेट दाखवली. नंबर तोच होता.

"बघून ठेव गं, बाय. कारंजं परत सुरू झालं, तर लागंल."