बिनखुणेचा पाव

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या भट्टीगल्लीत बतूलने अकरा घरी अकरा ताटल्या धाडल्या आणि अकराही भरून परत आल्या. कुणी अंडी ठेवली, कुणी ऑलिव्ह, पलीकडच्या हनियाने तर कुसकुसचा डोंगरच रचला. प्रत्येकीचा निरोप एकच, "तुझ्या हातांना आरोग्य लाभो!"

ताटल्यांत होते अंजीर आणि बडीशेप भरलेले जवाचे पाव. सोमवार-गुरुवारचा रोजा सोडायला ती स्वतःपुरते करायची तेच. आता त्यांचं दुकान काढायचं तिच्या मनाने घेतलं होतं. भट्टीशेजारचा गाळा रिकामा होता आणि मालकाला शुक्रवारच्या नमाजानंतर होय की नाही ते कळवायचं होतं. होय म्हटलं तर शिलाईचं मशीन विकावं लागणार. नवरा गेल्यापासून दोन मुलींचं सगळं त्या मशीनवरच निभावलेलं.

"अकराच्या अकरा जणी खूश!" तिने गल्लीची भट्टी चालवणाऱ्या लारबी बांना सांगितलं.

लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवत म्हातारा हसला. "लेकी, शेजारणीची ताटली रिकामी परत करणारी बाई या गावात जन्माला आलीय का? आणि फुकट खाल्लेल्याला नावं कोण ठेवील? सासूबाईंचा पाव मी चाळीस वर्षं वाखाणला. दगड होता, दगड!"

बतूलला हसू आलं, पण लगेच तिने विचारलं, "मग खरं कळायचं कसं?"

"बारा पाव माझ्या कट्ट्यावर ठेव. दोन दिरहमला एक. फुकट तुकडा कुणाला नाही, आणि तुझं नाव मी सांगायचा नाही."

सोमवारी बाराही पाव तासाभरात संपले. बतूलने देवाचे आभार मानले आणि मशीन बघायला गिऱ्हाइकाला गुरुवारी बोलावूनही टाकलं.

संध्याकाळी लारबी बांनी तिला थांबवलं. "पावावर खूण केली होतीस ना?"

तिने कपाळावर हात मारला. भट्टीत पावांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. काट्याने तीन टोचे मारायची तिची वीस वर्षांची सवय, हाताने आपलं काम आपोआप उरकलं होतं.

"खूण ओळखून सगळे शेजारणींनीच नेले," बा म्हणाले. "हनियाने तर तीन. म्हणाली, बिचारीला तेवढाच हातभार."

मंगळवारी बतूलने काटा फडताळात ठेवून दिला. बिनखुणेचे पाव कट्ट्यावर गेले, आणि ती घरच्या पावांची परात घेऊन रांगेत उभी राहिली. पुढे हनिया होती. तिने पैसे देऊन एक पाव घेतला आणि तिथेच चावा घेतला.

"कुणी केलाय हो हा, बा? अंजीर आहे की खडा? माझी कवळी असती तर आत राहिली असती! आणि केवढं हे धूड. अर्ध्यात पोट भरतं, उरलेला काय कोंबडीला घालायचा?"

"करणारीला सांगतो," बा शांतपणे म्हणाले.

मागे बतूलचे कान तापले. त्या दिवशी चारच पाव गेले. दुपारच्या नमाजाला बसली तरी हनियाचा आवाज डोक्यातून जाईना. मग तिला वाटलं, बाई खरं तेच बोलली, त्यात रागवायचं काय? आणि ती सतरंजीवरच खुदकन हसली.

उठून तिने अंजीर कोमट पाण्यात भिजत घातले, त्यात चमचाभर संत्रीफुलांचं पाणी. पावाचा आकार निम्मा केला, किंमत एक दिरहम.

बुधवारी बांनी पदरच्या पैशाने एक पाव घेतला, गरमागरम मोडून भट्टीच्या तोंडाशी ठेवला. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. हनियाने एक उभ्याउभ्या संपवला आणि दोन बांधून घेतले. गुरुवारी बाजाराचा दिवस. डोंगरावरच्या बायकांनी वाटेत खायला म्हणून नेले. तिसऱ्या प्रहराच्या बांगेआधी चोवीसच्या चोवीस गेले, आणि घेणाऱ्यांत ओळखीच्या जेमतेम पाच.

मशीन बघायला आलेल्याला बतूलने पुदिन्याचा चहा पाजून परत पाठवलं.

शुक्रवारी गाळ्याच्या मालकाला ती म्हणाली, "सध्या नको, हाजी. दोन दिवसांच्या खपावर मशीन विकवत नाही. मला कट्टा पुरतो."

"मग मी दुसऱ्याला देईन हं!"

"द्या. त्याला बरकत येवो."

घरी येताना हनियाने गाठलंच. "अगं, भट्टीवर नवे पाव आलेत, खाल्लेस? राग मानू नकोस हं, पण तू ताटलीत धाडले होतेस ना, त्यापेक्षा मऊ आहेत."

"हो का? अजून काही कमी वाटतं त्यांत?"

हनियाने अगदी मनापासून विचार केला. "वरून तीळ हवेत. भाजलेले."

हिला सांगायचं तर आहेच, बतूल मनाशी म्हणाली, पण आणखी एक आठवडा जाऊ दे. घरात शिरून तिने चूल पेटवली आणि तिळाचा डबा खाली काढला.