उकळत्या दुधातून वाचलेले विरजण

मित्रांनो, चमचाभर आंबट दही समजून तुम्ही माझ्याकडे कधी पाहिलेही नसेल. मी एक जुने विरजण आहे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात, चिनीमातीच्या वाटीत मी अकरा वर्षे राहते आहे. रोजच्या दह्यातून उद्यासाठी जो चमचा बाजूला काढतात, तो म्हणजे मी. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू माझ्यात नांदतात. कोमट दूध आणि थोडी ऊब मिळाली, की आम्ही दुधाचे दही करतो. शेजारणी माझे कौतुक करत, वाट्या घेऊन मला मागायला येत.

मग बाईंचे यजमान न्यूमोनियाने आजारी पडले. ते बस चालवत. बारा दिवस रुग्णालयात होते आणि बाई त्यांच्या उशाशी. मी फ्रिजच्या कोपऱ्यात वाळत पडले होते. माझी आठवण कोणाला असणार?

यजमान घरी आले ते निम्मे होऊन. प्रतिजैविकांनी फुप्फुसातले रोगजंतू मारले, पण आतड्यातले चांगले जिवाणूही त्यात गारद झाले. दिवसातून सात-आठ जुलाब होत. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि त्या म्हणाल्या, "गोळ्या अजून पाच दिवस चालूच ठेवायच्या. मीठ-साखरेचं पाणी द्या. गोळीनंतर दोन-तीन तासांनी ताजं, बिनसाखरेचं दही द्या. त्यातले जिवंत जिवाणू पोटाला मदत करतात. पण तीन दिवसांत उतार पडला नाही, तर पुन्हा दाखल करावं लागेल."

"पुन्हा नको गं," यजमान बाईंचा हात धरून म्हणाले.

मालवाहू गाड्यांचा संप होता. दुकानांत दही नव्हते, दुधाअभावी शेजारणींकडेही विरजण उरले नव्हते. घरात उरले होते अर्धा लिटर दूध, आणि मी.

मदतीला आलेली धाकटी नणंद मनाने चांगली, पण भारी घायकुती. सकाळी तिने उकळत्या दुधाचे पातेले उतरवले आणि मला सरळ त्यात ओतले. मित्रांनो, आम्ही हजारोंनी, लाखोंनी मेलो.

"अगं, थांब!" बाई धावत आल्या. "उकळतंय ते!"

"वहिनी, मला वाटलं, गरम असलं की लवकर लागेल."

"आता कुठलं लागतंय? मेलं सगळं."

नणंद रडू लागली. बाईंनी रिकामी वाटी खिडकीपाशी नेली. कडेला नखाएवढा थर चिकटला होता. त्यांनी तो निरखला, हुंगला. बुरशी नव्हती. पातेल्यातले वाटीभर दूध त्यांनी निवत ठेवले, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि मग मला स्वच्छ चमच्याने खरवडून त्यात कालवले. यजमानांच्या लोकरी स्वेटरात गुंडाळून मला शिलाई यंत्राजवळ ठेवले.

आम्ही मोजकेच उरलो होतो. एकाचे दोन, दोनाचे चार होत होतो. दुपारी नणंदेने झाकण उघडले. "वहिनी, दूधच आहे अजून!" तीन वाजताही दूधच होते. यजमान भिंतीला धरून पुन्हा न्हाणीघराकडे गेले. बाईंच्या हातून दोरा तीनदा तुटला.

सहा वाजता त्यांनी वाटी हळूच कलती केली. मी हलले नाही.

"अहो, लागलं!"

"आंबट आहे," यजमान पहिला चमचा गिळून म्हणाले.

"असू दे. खा गुपचूप."

त्या दिवशी काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी दोन जुलाब कमी झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी एकच झाला, आणि रुग्णालयासाठी भरून ठेवलेली पिशवी बाईंनी रिकामी केली.

मी एकट्यानेच त्यांना बरे केले, अशी बढाई मी मारणार नाही. औषध होते, पाणी होते, विश्रांती होती. आतड्यात आम्ही पाहुणेच. चार दिवस राहतो, पोटाला हातभार लावतो आणि निघून जातो. म्हणून तर आम्हाला रोज थोडे थोडे बोलवावे लागते.

मित्रांनो, आजारपणात आधी डॉक्टरांना विचारा. पण घरच्या दह्याची वाटी धुण्याआधी चमचाभर बाजूला काढा आणि दूध कोमट होईपर्यंत दम धरा. आम्हाला ओरडता येत नाही.