ऐकतोयस ना, बारक्या?

बारक्याची आत्या साधं ‘चहा घेतोस का’ विचारायची, तेव्हासुद्धा शेजारी दचकायचे. तिचा उभा जन्म कापडगिरणीत गेला होता. शेकडो माग एकदम खडखडत असताना पलीकडच्या बाईशी बोलायचं म्हणजे पोटातून ओरडायचं, आणि त्या गदारोळातून तिचं उत्तरही नेमकं टिपायचं. गिरणी सुटली, सवय काही सुटली नाही. आईबाप लवकर गेलेल्या भाच्याला तिने याच आवाजात वाढवलं.

तो आवाज बारक्याने जसाच्या तसा उचलला. ‘भोंगा’ नावाच्या त्यांच्या थ्रॅश मेटल बँडचा तो गायक. ड्रमवर गॅरेजातला मिस्त्री, गिटारवर दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारी मुलगी. थ्रॅश मेटल म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मिस्त्री म्हणायचा, “गाडीचे ब्रेक फेल झालेत आणि आतल्यांना त्याचा आनंद झालाय, ते संगीत.”

आवाज आत्याचा, तसे शब्दही आत्याचेच. तिची बोलणी खात खात बारक्याने पहिल्या अल्बमची सात गाणी रचली. ‘घर आहे की धर्मशाळा’, ‘कुणाच्या बापाची वीज’, ‘चपला बाहेर’. ‘मी मेल्यावर कळेल’ ऐकून लोकांना वाटायचं, मृत्यूबद्दल काहीतरी भयंकर खोल चाललंय. ते गाणं पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलबद्दल होतं. अर्थात, त्या गर्जनेत शब्द कुणाला कळत होते म्हणा! आत्याला तर यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं.

अल्बम पुरा करायला वेळ हवा म्हणून बारक्याने विमा कार्यालयातली पक्की नोकरी सोडली. ती नोकरी आत्याने साहेबांचे उंबरे झिजवून मिळवून दिली होती. आता ही घर डोक्यावर घेणार, या तयारीने तो दारात उभा राहिला. पण आत्या गप्प बसली. त्या दिवसापासून ती फक्त मांजराशी बोलायची, तेही हळू आवाजात. “मने, सांग त्याला, जेवण झाकून ठेवलंय.”

ओरडा खाऊन मोठा झालेला माणूस तो, त्याला ही शांतता सोसेना. आठव्या गाण्याची चाल तयार होती, पण शब्द येणार कुठून? विहीरच आटली होती. शेवटी रेकॉर्डिंगला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून तेवढंच निघालं, जे आत्या प्रत्येक बोलण्याच्या शेवटी विचारायची, “ऐकतोयस ना, बारक्या?” तेच पुन्हा पुन्हा, घसा फाटेपर्यंत. बाहेर आल्यावर तो ढसाढसा रडला. गिटारवालीने त्याला पाणी दिलं आणि अल्बमचं नावही तेच ठरवून टाकलं.

प्रकाशनाचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता. बारक्यानेही मांजरालाच सांगितलं, “मने, आत्याला म्हणावं, ये.” आत्याने मान फिरवली.

हॉल खच्चून भरला. तिसऱ्या गाण्याला बारक्याला ती दिसली. मागच्या भिंतीपाशी, पर्स छातीशी धरून उभी. भोवतीची पोरं नुसतीच डोकी हलवत होती, पण हिचे ओठ हलत होते. गिरणीतला कान तो! शब्दन्‌शब्द तिला कळत होता, आणि कुठला शब्द कुणाचा हेही कळलं होतं. ‘मी मेल्यावर कळेल’ला तिने पर्स खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतले. आता संपलंच, असं बारक्याला वाटलं.

आठवं गाणं आलं. त्यात एका जागी सगळी वाद्यं झटकन थांबतात आणि बारक्या एकटा ओरडतो.

“ऐकतोयस ना, बारक्या?”

त्या क्षणभराच्या शांततेत मागच्या भिंतीकडून, माइकशिवाय, अख्ख्या हॉलवरून उत्तर आलं.

“तू ऐकलंस का कधी, मेल्या!”

सगळा हॉल गर्रकन मागे वळला. मग अशी आरोळी उठली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मिस्त्री भानावर आला आणि ड्रमवर तुटून पडला. बारक्या पुन्हा ओरडला, आत्याने पुन्हा सुनावलं, तिसऱ्या वेळेला तिच्या बरोबरीने सगळा हॉल ओरडत होता. ते गाणं काही केल्या कुणी संपू देईना.

नंतर ती थेट स्टेजपाशी आली. पोरांनी तिला वाट करून दिली.

“ते ‘चपला बाहेर’मध्ये एक ओळ खाल्लीस तू,” ती म्हणाली. “पायपुसण्याची.”

“चुकलं, आत्या.”

“आणि नोकरी सोडताना विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, ते वेगळं.” मग तिने पदराने त्याच्या तोंडावरचा घाम खसाखसा पुसला. “छान ओरडतोस. पोटातून.”

घरी आल्यावर बारक्याने हातपाय धुतले आणि न्हाणीघराचा दिवा मुद्दाम चालूच ठेवला. मग पलंगावर बसून कान टवकारून वाट पाहिली.

“कुणाच्या बापाची वीज आहे रे!”

शेजारी दचकले. मांजर पलंगाखाली पळालं. बारक्याचा जीव भांड्यात पडला आणि तो दिवा बंद करायला उठला.