पाचशे पाचचा भाव

जब्बारने अकराशे युनिट विकायला काढले आणि भाव टाकला पाचशे पाच. बाजारात चालू होता चारशे ऐंशी.

पाच मिनिटांत मुलाचा, फैझलचा फोन आला. मोबाइलमधलं ॲप त्यानेच घालून दिलेलं, तेच खातं त्याच्याही फोनवर उघडं, त्यामुळे हिंजवडीच्या ऑफिसात बसून त्याला बापाची प्रत्येक चूक ताजी ताजी दिसायची.

“अब्बा, काय केलंत हे? पंचवीस रुपये वर? चारशे एकोणऐंशी टाका म्हटलं होतं मी.”

“पहिला भाव जास्तच सांगायचा. मग गिऱ्हाईक खाली ओढतं.”

“इथे कोणी घासाघीस करत नाही. स्क्रीन आहे ती.”

“स्क्रीनच्या पलीकडे घेणारा कोण आहे? माणूसच ना?”

“टेक्निकली, हो,” फैझल हसला.

“मग येईल. जुन्या बाजारात वाढलोय मी, मला शिकवू नको.”

सदाशिव पेठेत एका जिन्याखाली जब्बारचं कुकर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक स्टूल, एक फळी आणि खिळ्यांना टांगलेल्या गॅस्केटच्या रिंगा. तीस वर्षं तो पेठेचे कुकर नीट करतोय आणि तीस वर्षं पेठ त्याला ऐकवतेय की एवढ्यात नवीन कुकर येतो. येत नाही.

विकायला काढला होता तो शरियावाला ईटीएफ. ईटीएफ म्हणजे बऱ्याच कंपन्यांचे शेअर एकत्र बांधलेलं गाठोडं, त्याचे तुकडे बाजारात मिळतात, त्यांना युनिट म्हणतात. या गाठोड्यात दारूवाला नाही, बँक नाही, व्याजावर जगणारं कोणी नाही. जब्बारचे कुकर आणि बायको अमिनाबीचं साड्यांना फॉल-पिको, यांतून नऊ वर्षांत हे अकराशे जमले. दोघांनी मिळून हजला जायचं, एवढ्याचसाठी.

फैझलने रविवारी लॅपटॉप उघडून आलेख दाखवला होता. साध्या निफ्टीच्या ईटीएफमध्ये गेलात तर दोन वर्षांत जाल, म्हणाला, इथेच राहिलात तर चार. पण निफ्टीच्या गाठोड्यात तिसरा हिस्सा बँका आणि फायनान्सवाल्यांचा. आणि अमिनाबीच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं ढकलतील, पुढचं मी बोलत नाही. आलेख मागचा होता आणि गुडघे पुढचे. पण इंजिनिअर मुलाच्या बापाला असलं काही बोलायची सोय नसते.

दुपारी श्यामसुंदर आले. बँकेतून निवृत्त, वरच्याच मजल्यावर राहणारे. तीन फ्लॅटचे मालक, पण गॅस्केट फाटून चिंध्या झाल्याशिवाय कुकर खाली आणायचे नाहीत.

“काय जब्बार, शेअर बाजार का?”

“ईटीएफ बदलतोय, साहेब. म्हणजे बदलू की नको, तेच कळेना.”

“व्याज चालत नाही ना तुम्हाला? मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. माझी पेन्शन हरामाची म्हणायची का?”

“तुमची पेन्शन तुमच्यापाशी. मला फक्त गॅस्केटचे दीडशे द्या.”

“शंभर. आणि खर्च बघा आधी. तुमचा फंड शेकड्याला रुपया कापतो, निफ्टीवाला पाच पैसे. बँका वगळायची मजुरी घेतात लेकाचे.”

“निवडलेला तांदूळ महागच पडतो, साहेब. दीडशे.”

श्यामसुंदरांनी एकशे वीस ठेवले आणि कुकर घेऊन जिना चढले. ज्यांना आयुष्यात काही सोडावं लागलं नाही, ते सोडणाऱ्याला फार पटकन हिशेब शिकवतात. तीस रुपये बुडवून वर.

जब्बार मोबाइल फळीवर उभा करून बसला. एक वाजला, दोन वाजले. पाचशे पाचला कुत्रंही फिरकलं नाही, आणि गंमत म्हणजे माणूस खूश दिसत होता. साडेतीनला बाजार बंद झाला की ऑर्डर आपोआप रद्द होणार, हे फैझलने सांगितलं होतं. जब्बार दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता.

तीन बाराला मोबाइल थरथरला. चाळीस युनिट गेले, पाचशे पाचने.

“अब्बा, लेजंड आहात तुम्ही,” फैझल हसत होता. “कुणीतरी भाव न बघता घेतले. सरळ हजारचा फायदा. थांबा आता, अजून कोणीतरी फसेल.”

“बाकीचे रद्द कर.”

“काय?”

“रद्द कर म्हणतो. चाळीस युनिट म्हणजे दोनशे चाळीस साड्यांचे फॉल आहेत. गेले ना ते.”

“गेले कुठे? पैसे आलेत. विकायलाच तर काढले होते!”

जब्बारने फोन ठेवला आणि स्वतःच बटणं दाबत सुटला. बोटांना काळं रबर लागलेलं, स्क्रीन ऐकेना. शेवटी शर्टाला बोट पुसून त्याने उरलेली ऑर्डर रद्द केली आणि मग फैझलला परत फोन लावला.

“चाळीस परत घे. मिळेल त्या भावाला. आणि त्या माणसाचे वरचे हजार त्याला द्यायचे कसे?”



“अब्बा, पलीकडे कोण आहे ते दिसत नाही.”

“सकाळी मी म्हणत होतो माणूस आहे, तेव्हा हसलास.”

घोरपडे पेठेतल्या घरी पोहोचेपर्यंत अमिनाबीला सगळं कळलेलं होतं. ती वर गच्चीवर होती. संध्याकाळी ती पाण्याची टाकी डाव्या हाताला ठेवून तिच्याभोवती सात फेऱ्या मारते. तिकडे काबाभोवती माराव्या लागतात, पाय तयार हवेत. मोजायला जब्बारने सात फाटक्या रिंगा आणून दिल्यात. फेरी झाली की एक रिंग या खिळ्यावरून त्या खिळ्यावर.

पाच रिंगा झाल्या होत्या. अमिनाबी रंगाच्या डब्यावर बसली होती, गुडघ्याचा पट्टा सैल करून.

“तुमचे अब्बाही जुन्या बाजारात असंच करायचे,” ती म्हणाली. “वस्तू द्यायची नसली की नाही म्हणायचे नाहीत. भाव सांगायचे.”

“तुला कधी कळलं?”

“फैझलने पाचशे पाच म्हटलं तेव्हाच. मला विचारायचं तरी.”

“तू म्हणाली असतीस, राहू दे.”

“मग?”

“मग चार वर्षं.”

अमिनाबीने पट्टा आवळला. जब्बार खिळ्यांकडे बघत होता.

“उरलेल्या दोन उद्या मार,” तो म्हणाला.

“उद्याच्या सात वेगळ्या आहेत.”

ती टाकीला हात लावून उठली. जब्बार तिच्या अर्धं पाऊल मागून चालू लागला. खिळ्यापाशी आल्यावर त्याने हात पुढे केला, पण रिंग तिनेच काढली.