हाताला हलका

मिस्त्रीची भावजय दुपारी गॅरेजात आली ती गाडी ओढून आणणाऱ्या ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून. घरात सगळे तिला धाकटी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा पडलेलं नाव, केस पांढरे झाले तरी सुटलं नव्हतं. ती उतरली, ट्रकवाल्याला "हळू हो, बंपर तुमच्या सासऱ्यानं नाही दिलेला" म्हणाली, आणि नवऱ्याची बावीस वर्षांची डिझेल गाडी दारात नीट उभी करून घेतली.

मिस्त्रीनं गाडी पाहिली आणि हातातला पाना खाली ठेवला. धाकटा भाऊ गेल्यापासून ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. वर्षभर मिस्त्री आईला भेटायला जायचा तो पुढच्या दारानं जायचा आणि पुढच्याच दारानं परत यायचा.

"भाऊजी, गाडी विकायची आहे," धाकटी म्हणाली. "गिऱ्हाईक रविवारी येतंय. तेल बदला, फिल्टर बदला, बॅटरी बघा. चालू करून दाखवली की झालं."

"विकतेस कशाला? कारखान्यात जायला दोन बस बदलतेस. तूच चालव की."

"मी?" ती हसली, पण ते हसू ओठांच्या वर गेलं नाही. "माझ्या हातून एकदा बंद पडली, तेवढं पुरे झालं."

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि बॉनेट उघडलं.

वर्षापूर्वी सकाळी भावाच्या छातीत कळ आली. धाकटीनं त्याला मागच्या सीटवर आडवं केलं आणि स्वतः गाडी काढली. गाडी शिकून तिला सहा महिने झाले होते. सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं. इस्पितळाच्या अलीकडच्या चढावर इंजिन गुदमरलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं. तिनं किल्ली फिरवत फिरवत बॅटरी उतरवली. अर्ध्या तासानं एक दुधाचा टँकर थांबला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बॅटरी भरून ती गाडी अंगणात आणली. आई, शेजारीपाजारी, सगळे उभे होते. त्यानं किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "गाडीत काही दोष नाही," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. पुढचं लोकांनी आपापलं जुळवलं. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली, क्लच सुटला, घाबरली. आईनं त्या दिवसापासून धाकटीशी एक अक्षर बोलणं सोडलं. दोघी एकाच घरात, एकाच ताटाळ्यातली ताटं घ्यायच्या, पण आईला मीठ हवं असलं तरी ती भिंतीकडे बघून म्हणायची, "मीठ लागेल."

गाडी अंगणात आणायच्या आधी गॅरेजात एकटा असताना मिस्त्रीनं काय काढलं आणि काय बसवलं, हे फक्त त्याला माहीत होतं.

धाकटीनं डॅशबोर्डचा कप्पा उघडून एक पिवळा खोका बाहेर काढला. "डिझेलचा फिल्टर हाच आणा. ह्यांनी खोका कसा जपून ठेवलाय बघा. चांगला असल्याशिवाय जपतील?"

मिस्त्रीनं खोका ओळखला.

"ती कंपनी बंद पडली," तो म्हणाला. त्यानं फळीवरून दुसरा खोका उतरवला. "हा घे. हा चांगला आहे."

"चांगला कशावरून?"

"अगं, मी सांगतो ना."

"भाऊजी, मी रोज चारशे सदरे उलटे करून बघते. वरून सगळेच चांगले दिसतात. कारखान्यातला प्रत्येक जण येऊन सांगतो, मावशी, मी सांगतो ना." धाकटी शिवण तपासायच्या कामावर होती आणि तिच्या नजरेतून सुटलेला टाका कुणी पाहिला नव्हता. तिनं पिवळ्या खोक्यातला फिल्टर बाहेर काढला आणि उजेडात फिरवला. "हे काय? खोक्यावर एक नाव आणि डब्यावर भलताच शिक्का."

"तो जुना आहे. नवा बसवला की काढलेला जुना नव्याच्याच खोक्यात घालून गिऱ्हाइकाला परत देतो आम्ही. खरंच बदललाय हे कळावं म्हणून. वडिलांपासूनची पद्धत आहे."

"म्हणजे ह्या खोक्यातला नवा गाडीत आहे."

इथं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. रविवारी गाडी गेली असती आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं असतं. मिस्त्री हातातला फडक्याचा बोळा चुरगाळत उभा राहिला. समोर धाकटी तो जुना डबा दोन्ही हातांनी धरून होती. नवऱ्यानं जपलेली वस्तू म्हणून.

"नाही," तो म्हणाला.

त्यानं स्टूल ओढलं, वरच्या फळीवर रंगाच्या डब्यांमागे हात घातला आणि एक पत्र्याची डबी खाली काढली. आत फडक्यात गुंडाळलेला आणखी एक फिल्टर होता. तो त्यानं तिच्या दुसऱ्या हातात दिला.

"हा बघ. कसा लागतो?"

तिनं दोन्ही हात खालीवर केले. "हा हलका आहे."

"मलाही हलकाच लागला होता. बसवताना."

तिला काही कळलं नाही. त्यानं जुना फिल्टर शिकंज्यात आवळला आणि करवतीच्या पात्यानं डब्याचा कडेचा भाग कापायला घेतला. मग हलका. जुना कापायला वेळ लागला. हलक्याचा पत्रा मात्र भराभर फाटत गेला. दोन्हींच्या आतले कागद त्यानं वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले.

जुन्यातला कागद डिझेलनं काळा झाला होता, पण घडी न् घडी सरळ उभी होती, चुण्या कुणी मोजून घातल्यासारख्या. हलक्यातल्या घड्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि एका बाजूनं सगळा कागद आत चेपला होता.

"हा जुना वर्षभर चालला होता," मिस्त्री म्हणाला. "आणि हा आठ दिवस. सपाट रस्त्यावर थोडं डिझेल लागतं, तेवढं जातं ह्यातून. चढावर इंजिनाला जास्त लागतं. तिथं ह्यानं गळा धरला. तुझा क्लच सुटला नव्हता. तिथं मी असतो तरी गाडी बंदच पडली असती."

धाकटीनं चेपलेल्या कागदावर बोट ठेवलं. शिवण तपासतात तसं ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

"अंगणात सुरू कशी झाली?"

"त्या दिवशी सकाळी मी दुसरा बसवला होता."

"कुणाला न सांगता."

"हो."

"आणि हा हाताला हलका लागला, तरी बसवलात?"

"नेहमीचं दुकान बंद होतं. नव्या माणसाकडून आणला. तुझ्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी गावाला जायचं होतं, घाई करत होता. म्हटलं, हलका तर हलका."

बाहेर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. तिनं कागदावरचं बोट उचललं.

"एक वर्ष, भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रोज झोपताना मी पाय हलवून बघायची. कुठला पाय आधी उचलला असेल, डावा की उजवा. एक वर्ष."

"आईसमोर माझं तोंड उघडेना गं."

"आणि माझं मिटलेलं चालत होतं?"

माफ कर, हे शब्द मिस्त्रीच्या जिभेवर आले, पण ते त्याला स्वतःलाच त्या फिल्टरसारखे हलके वाटले. त्यानं ते गिळले.

धाकटीनं डोळे पुसले नाहीत, ते पाणावलेच नव्हते. तिनं फळीकडे बोट केलं. "चांगले किती आहेत?"

"तीन."

"तिन्ही काढा. बघायचं काय ते सांगा."

त्यानं सांगितलं. आधी हातात घेऊन वजन बघायचं. रबराची रिंग नखानं दाबली की परत वर यायला हवी. भोकातून डोकावलं की घड्या दाट आणि सारख्या दिसायला हव्यात. शिक्का पत्र्यात उठलेला हवा, नुसता छापलेला नको. तिनं पहिला नाकारला, त्याची रिंग एका जागी बसकी होती. मिस्त्रीच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. तिसरा तिनं दोनदा तोलला आणि पुढे केला.

"हा. बसवा, मी बघते."

तो बसवत असताना ती वाकून बघत राहिली. फिल्टरवरचा छोटा हातपंप तिनंच दाबला, बुडबुडे थांबून नितळ डिझेल येईपर्यंत. टाकीतलं जुनं डिझेल आधीच काढून नवं भरलं होतं; आता बॅटरी बदलली. मग ती स्टिअरिंगमागे बसली. तिनं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, त्यानं धूर सोडला आणि ते सुरू झालं.

मिस्त्री पुढचं दार उघडायला गेला.

"मागे," धाकटी म्हणाली.

तो मागच्या सीटवर बसला, जिथं भाऊ आडवा होता तिथं. मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेले दोन्ही कापलेले फिल्टर होते; तिनंच ते घ्यायला लावले होते. इस्पितळाचा तोच चढ आला. तिनं गिअर खाली घेतला आणि गाडी एका आवाजात वर चढली. मिस्त्रीची नजर भावजयीच्या खांद्यांवर होती. चढ संपला तसे ते खांदे हळूहळू खाली आले.

माथ्यावर तिनं गाडी वळवली. "आता घरी. आईंना तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर."

"सांगतो."

"आणि रविवारच्या गिऱ्हाइकालाही सांगा. गाडी विकायची नाही."

घरी आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. धाकटी आधी आत गेली आणि दाराशी थांबली. म्हातारीनं पावलं ओळखली आणि सवयीनं तोंड फिरवलं.

"कोण आलंय बरोबर?" आईनं भिंतीला विचारलं.

मिस्त्रीनं वर्तमानपत्राचं पुडकं तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं, सोडलं, आणि गुडघे मोडून खाली बसला.

"आई, भिंतीकडे नको," तो म्हणाला. "माझ्याकडे बघ."